घर पाण्याकाठी, पण संध्याकाळी बोलायला कुणी नाही

"ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठं शहर सोडून एका छोट्या शहरात राहायला आलो. तलावाच्या अगदी काठावरची शांत कॉलनी आहे, मोजून बावीस घरं, ना गाड्यांचा आवाज ना हॉर्न. हे घर नवऱ्याने माझ्यासाठी घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो होतो तेव्हा अशाच एका तळ्याकाठी बसून मी म्हणाले होते की मला जन्मभर इथेच राहायचंय. त्याने ते लक्षात ठेवलं, नोकरी बदलली, कर्ज काढलं आणि मला इथे आणलं. आणि आता हेच घर मला खायला उठतं. मी घरूनच काम करते, मुलगी चार वर्षांची आहे. चार वाजता लॅपटॉप बंद केला की सात वाजता नवरा येईपर्यंत वेळ जाता जात नाही, चार वाजायला आले की पोटात गोळा येतो. मुलगी पाण्याकडे धावेल म्हणून मी तिला अंगणात सोडतच नाही, तर नवरा म्हणतो तू उगाच घाबरतेस. कपाटांना कुबट वास, संध्याकाळी डास. तीन घरं सोडून एक बाई रोज पावणेपाचला कुत्र्याला फिरवते, दोन वर्षं आम्ही एकमेकींकडे बघून नुसतं हसतोय. मी स्टेटसला सूर्यास्ताचे फोटो टाकते, सगळ्या म्हणतात नशीबवान आहेस, फोन मात्र कुणाचा येत नाही. आता नवरा वरचा मजला चढवायचं म्हणतोय. कधी कधी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. इतकं सगळं मिळूनही मी रडते म्हणजे मी कृतघ्न आहे का?" – काठावरची

अगं, कृतघ्न माणूस असं नळ सोडून रडत नाही, तो सरळ तोंडावर बोलून मोकळा होतो. तू रडण्याचा आवाजसुद्धा नवऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून धडपडतेयस, म्हणजे त्याने तुझ्यासाठी काय केलं याची तुला पूर्ण जाणीव आहे, खरं तर जरा जास्तच आहे, इतकी की दोन वर्षं एक साधं वाक्य तुझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला एक गोष्ट दिसली. तू म्हणतेस की घर खायला उठतं, पण सकाळच्या पाण्याबद्दल तुझी काहीच तक्रार नाही, रात्रीच्या शांततेबद्दल नाही, सुट्टीच्या दिवसाबद्दल तर एक शब्दही नाही. सगळी तक्रार चार ते सातची आहे. चार वाजता लॅपटॉप बंद, चार वाजता पोटात गोळा, मुलीला अंगणात न सोडणं तेव्हाच, डास तेव्हाच आणि ती कुत्रावाली बाईसुद्धा तेव्हाच जाते. म्हणजे तुला दिवसातले तीन तास जड जातायत, आणि हे तीन तास इतके मोठे झालेत की त्यांनी उरलेले एकवीस गिळून टाकलेत. हे मी तुझं दुःख लहान करायला म्हणत नाहीये हं, उलट म्हणतेय की ते नेमकं कुठे आहे हे सापडलं तर त्यावर हात ठेवता येईल, "मला हे घरच नको" या वाक्यावर काय हात ठेवणार.

मी स्वतः आठ वर्षं नदीकाठच्या अशाच एका निवांत गल्लीत काढलीत म्हणून हे माहितीये. पहिले सहा महिने पाहुण्यासारखे जातात, रोज खिडकीत उभं राहायचं, अरे वा करायचं. मग एक दिवस पाणी दिसायचं बंद होतं, म्हणजे ते असतंच समोर पण भिंतीवरच्या चित्रासारखं, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं की आपल्याला इथे नावाने हाक मारणारं कुणी नाहीये. पाणी सोबत करतं असं म्हणतात, मला नाही पटलं ते कधी. पाणी बरं वाटायला लावतं, पण ते "काय गं, आज उशीर?" असं विचारत नाही.

आणि मोठ्या शहरात तुला हे विचारणारी माणसं होती, तू त्यांना मैत्रिणी म्हणतही नसशील. लिफ्टमध्ये भेटणारी वरच्या मजल्यावरची बाई, वॉचमन, रोज त्याच वेळच्या गाडीला दिसणारे चेहरे. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या दोघींनी २०१४ मध्ये नेमकं यावरच संशोधन प्रसिद्ध केलं, आणि त्यात दिसलं की ज्या दिवशी अशा जुजबी ओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं होतं त्या दिवशी माणूस जास्त खुश असतो आणि आपण कुणात तरी आहोत असं त्याला जास्त वाटतं. जिवलग माणसं महत्त्वाची असतातच, पण ही वरवरची वाटणारी माणसंही तितकीच लागतात. गाव बदलताना आपण भांडी पॅक करतो, पुस्तकं पॅक करतो, जिवलग मैत्रिणी फोनमध्ये सोबत घेतो, पण ही माणसं मागेच राहतात आणि ती गेली हे कळतही नाही कारण त्यांचा निरोपसुद्धा घेतलेला नसतो. त्यातून तू घरून काम करतेस, म्हणजे ऑफिसातला चेहरासुद्धा नाही. बावीस घरांची कॉलनी, रस्ता पाण्यापाशी संपतो, म्हणजे त्या रस्त्याने सहज जाणारं-येणारं कुणी नाही, तिथे ज्याचं काम आहे तोच येणार. ज्या गोष्टीमुळे ही जागा शांत आहे त्याच गोष्टीमुळे तिथे माणसं आपोआप भेटत नाहीत. तुझ्या स्वभावात काही खोट आहे असं मनात असेल तर ते आधी काढून टाक.

आता त्या कुत्रावाल्या बाईचं बोलू, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं माणूस तेच आहे.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला किती तास लागतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात तुझ्यासारखीच नुकती घर बदलून नव्या गावी गेलेली माणसं होती. हिशोब साधारण असा निघाला की नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला ५० तास एकत्र घालवावे लागतात, बऱ्यापैकी मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आता तू रोजचं पाच सेकंदांचं हसू धर, दोन वर्षं एकही दिवस न चुकता हसलात तरी सगळं मिळून एक तास होतो. एक तास! म्हणजे तुमची मैत्री फसलेली नाहीये गं, ती सुरूच झालेली नाहीये. आणि उलट बाजूने बघ, आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास तिच्यासोबत चाललीस तर वीस आठवड्यांत ५० तास पुरे होतात, पाच महिन्यांच्या आत. ती बाई कशी आहे मला माहीत नाही, कदाचित तुमचं जमणार नाही, कदाचित तिला एकटीनेच चालायला आवडत असेल. पण जी बाई दोन वर्षं रोज त्याच वेळी त्याच वाटेने जाते आणि रोज हसते, तिला विचारून बघायला काय हरकत आहे.

बोलायचं काय हा प्रश्न तुला पडणार, मला पडला असता. कुत्र्याचं नाव विचार. तुझी मुलगी सोबत असेल तर तीच विचारेल, चार वर्षांच्या मुलीला असल्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. आणि जुन्या मैत्रिणींना सूर्यास्ताचे फोटो पाठवणं बंद कर असं मी म्हणणार नाही, पण एकदा कुणा एकीला फोटोसोबत "इथे संध्याकाळी फार एकटं वाटतं गं, फोन कर ना" एवढं लिहून बघ. त्या फोन करत नाहीत कारण तू त्यांना दोन वर्षं सांगतेयस की तू मजेत आहेस, आणि त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवलाय.

पण मुलगी सोबत घेऊन काठावर जायचं म्हटलं की तुझ्या पोटात दुसरा गोळा येणार, तेव्हा आता तो विषय. इथे मी तुझ्या बाजूने आहे, शंभर टक्के. चार वर्षांचं मूल आणि पाण्याकडे उघडं पडणारं अंगण असताना घाबरणारी आई वेडी नसते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ या एका वर्षात जगात बुडून सुमारे ३ लाख माणसं गेली, आणि त्यातली जवळजवळ पाव पाच वर्षांखालची मुलं होती. तुझ्या नवऱ्याला बहुतेक वाटत असणार की मूल पाण्यात पडलं तर ओरडेल, हातपाय मारेल, आपल्याला ऐकू येईल. तसं होत नाही. बुडणाऱ्याची सगळी ताकद श्वास घेण्यात जाते, ओरडायला हवाच उरत नाही, हात हलवून बोलावताही येत नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर हे सगळं एका मिनिटाच्या आत, आवाज न होता घडू शकतं. हा परिच्छेद त्याला वाचायला दे, माझ्या नावाने दे.

मग करायचं काय, तर कुंपण. अंगण आणि पाणी यांच्यामध्ये निदान चार फूट उंच, गजांमधली फट १० सेंटीमीटरपेक्षा कमी, आडव्या पट्ट्या नकोत कारण त्यांची शिडी होते, गेट सोडलं की आपोआप लागणारं आणि खटका मुलीचा हात पोचणार नाही इतका वर. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, सायकल काही ठेवायचं नाही, मुलं त्यावर चढतात. आणि कुंपण आहे म्हणून लक्ष काढायचं नाही. घरात दोघं मोठी माणसं असली की दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय, म्हणून तोंडाने बोलून ठरवायचं, "आता तुझ्याकडे", आणि ज्याच्याकडे आहे त्याने फोन खाली ठेवायचा. काठावर चालताना ती हाताच्या अंतरावर हवी. पोहायला शिकव, लवकर शिकव, पण पोहणं येतं म्हणून मूल सुरक्षित झालं असं समजू नकोस, आणि हवेचे फुगवायचे दंडपट्टे हे खेळणं आहे, संरक्षण नाही. वरच्या मजल्याच्या आधी हे कुंपण झालं पाहिजे, त्यात चर्चा नको. मला खात्री आहे की ते गेट लागलं त्या दिवसापासून तुझे चार ते सात निम्मे हलके होतील, कारण सध्या तू त्या वेळेत घरात कोंडून पहारा देतेयस, आणि पहारा देणाऱ्या माणसाला सूर्यास्त कसा दिसणार.

डास आणि ओल याचं पटकन सांगते. डास सगळे तलावातून येतात असं वाटतं, पण दिवसा आणि तिन्हीसांजेला चावणारा, डेंग्यू पसरवणारा एडिस डास तळ्यात वाढत नाही, तो तुझ्याच घराभोवती कुंडीखालच्या ताटलीत, बादलीत, जुन्या टायरमध्ये साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळं पाणी ओतायचं आणि भांडं आतून घासायचं कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. ओलीसाठी एक छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र घे, घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशीला जोर येत नाही. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, ओले कपडे घरात वाळत घालू नकोस, आणि हवा कोंदट असताना खिडक्या उघडून उपयोग नाही, पाण्यावरची दमट हवाच आत येते, कोरडं ऊन असेल तेव्हा उघड. काठावरच्या सगळ्या घरांत हे असतं, त्याचा संसाराशी संबंध लावू नकोस. मी लावायचे, म्हणून सांगतेय.

आता नवरा. हे सगळ्यात अवघड आहे आणि टाळता येणार नाही, कारण तो मजला चढवायला निघालाय, आणि वर भिंती उभ्या राहिल्यावर तू बोललीस तर त्याला वाटेल की हिने मला फसवलं. तो चांगला माणूस आहे गं. तळ्याकाठी एका संध्याकाळी बोललेलं वाक्य ज्याने इतकी वर्षं जपलं आणि त्यासाठी नोकरी बदलली तो माणूस तुझं आजचं वाक्यही ऐकेल, पण त्याला ते मिळायला तर हवं ना. तुझं तेव्हाचं बोलणं खोटं नव्हतं. तेव्हा तू सुट्टीवर होतीस, तो चोवीस तास सोबत होता, सात वाजेपर्यंत वाट बघायची नव्हती. तुला तेव्हा जे जन्मभर हवं होतं त्यात पाणी होतं आणि तोही होता. हे त्याला सांग. अगदी याच शब्दांत सांगितलंस तरी चालेल. "मला हे घर नको" इथून सुरुवात केलीस तर तो घराची बाजू घेत बसेल, कर्ज, शांतता, हवा, सगळं मोजून दाखवेल. "मला चार ते सात फार एकटं वाटतं, मी रडते, तुला कळू नये म्हणून नळ सोडते" इथून सुरुवात कर, याच्यावर वाद घालता येत नाही. त्याला वाईट वाटेल. वाटू दे, लगेच त्याची समजूत काढायला धावून स्वतःचं बोलणं मागे घेऊ नकोस, ही आपली जुनी सवय आहे.

आणि हे गॅलरीत बसून बोलू नका बरं का. शांत संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असली की आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबपर्यंत स्पष्ट पोचतो. रात्री पलीकडच्या काठावरचं बोलणं अगदी कानाशी ऐकू येऊन तू दचकली असशील तर ते यामुळे, आणि तुमचंही तसंच तिकडे पोचतं. घरात बसा, मुलगी झोपल्यावर.

त्याच्याकडे मागायचं काय तेही आधी ठरवून जा, नुसतं रडून आलीस तर तो घाबरून एकदम घरच विकायला काढेल किंवा काहीच करणार नाही. आठवड्यातले दोन दिवस तो पाच वाजता येऊ शकतो का. तू आठवड्यातून एक-दोन दिवस घराबाहेर बसून काम करू शकतेस का, गावात वाचनालय असेल, कुठे बसायची जागा असेल, जिथे चार चेहरे पुन्हा पुन्हा दिसतील. मुलीसाठी संध्याकाळचा एखादा वर्ग, पोहण्याचाच असेल तर उत्तम, तिथे बाहेर बाकावर बसलेल्या आया भेटतात आणि त्यांनाही बोलायला कुणी हवंच असतं. आणि वरचा मजला एक वर्ष पुढे ढकल. हे मात्र हट्टाने माग. त्या वर्षात त्यालाही एक काम दे, तुमच्या जागेपर्यंत याआधी पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या रहिवाशांना आणि नगरपालिकेत विचारून लिहून काढायचं. लोक "शंभर वर्षांतून एकदाचा पूर" म्हणतात आणि वाटतं आपल्या हयातीत काही येत नाही, पण त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता असा असतो, आणि तीस वर्षं एकाच घरात राहिलात तर तो निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास २६ टक्के होते. कर्ज वाढवण्याआधी हे माहीत हवंच, तू खुश असलीस तरीही.

वर्षभर हे सगळं मनापासून करून बघितलं आणि तरी चारचा गोळा तसाच राहिला तर घर बदला. गावाच्या मधल्या भागात, जिथून पाण्यावर दहा-पंधरा मिनिटांत चालत जाता येईल. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात आठवड्याला १२० मिनिटं मोकळ्या निसर्गात घालवणाऱ्या लोकांची तब्येत आणि मन दोन्ही बरं असल्याचं दिसलं, आणि ती एकदम घालवली काय की तुकड्यातुकड्याने, फरक नव्हता. त्या मिनिटांत घराची बाग धरलेली नव्हती, बाहेर जाऊन घालवलेला वेळच मोजला होता. तू दोन वर्षं पाण्यासमोर राहतेस, पण शेवटचं काठावर जाऊन बसली होतीस कधी? पत्रात सगळं खिडकीतून आहे.

एक गोष्ट जरा वेगळी. हे रडणं रोजचं झालं असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर वर्षाची वाट बघायची नाही, मैत्रीण मिळण्याचीही नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं आणि त्यांना नळाचं सांगायचं. आणि जीव नकोसा वाटतो असा विचार एकदाही मनात आला असेल तर त्याच दिवशी नवऱ्याला उठवून सांग, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बाकी, त्या बाईचं घर तीन घरं पलीकडे आहे आणि ती पावणेपाचला निघते. आज साडेचारला मुलीच्या पायात बूट घाल, तिचा हात घट्ट धर आणि दोघी रस्त्याच्या बाजूच्या दारात जाऊन उभ्या राहा. कुत्र्याचं नाव काय निघालं ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई